प्राध्यापक विल्यम कौवेनहोवन : अल्पचरित्र

मनुष्याचे हृदय थांबले म्हणजे त्याचे आयुष्य संपले, असा समज सर्व देशांत फार प्राचीन काळापासून चालत आला आहे. नाडी लागेनाशी झाली, नाकाशी धरलेले सूत हालेनासे झाले, की घरची माणसे हंबरडा फोडीत आणि शेजारी पुढील तयारीस लागत. ह्या समजुतीत पुष्कळ सत्य आहे. परंतु ती सर्वस्वी सत्य नाही. हृदय थांबणे आणि मृत्यू येणे ह्या दोन गोष्टींमध्ये काही मिनिटांचे अंतर असते. ह्या थोडक्या मिनिटांत मेंदूस रक्त मिळत राहिले, तर गेला असे वाटणारा मनुष्य कधीकधी परत येऊ शकतो. हे ज्यांनी जगास प्रत्यक्ष करून दाखविले, त्यांपैकी एका थोर पुरुषाचे चरित्र आम्ही ह्या अंकात आमच्या विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहो. आश्चर्याची गोष्ट ही की, हा पुरुष वैद्य नव्हता. तो विजेचे शास्त्र शिकविणारा एक अध्यापक होता.

विल्यम बेनेट कौवेनहोवन यांचा जन्म अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन ह्या भागात १३ जानेवारी १८८६ रोजी झाला. त्यांचे उच्च शिक्षण ब्रुकलिन येथील पॉलिटेक्निक संस्थेत झाले. तेथे विद्युत् व यंत्र ह्या दोन्ही विषयांचा अभ्यास करून ते पुढे जर्मनीत कार्ल्सरूए येथे गेले आणि १९१३ साली त्यांनी अभियांत्रिकीतील डॉक्टर ही पदवी संपादन केली. दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९१४ साली, ते बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अध्यापक म्हणून रुजू झाले. त्यानंतर त्यांचे सारे आयुष्य ह्याच विद्यापीठात गेले. १९३० साली ते प्राध्यापक झाले व १९३८ साली तेथील अभियांत्रिकी शाखेचे प्रमुख झाले. विजेच्या तारांवरील आवरणे आणि विजेची मोजमापे हे त्यांचे आवडते विषय होते. एवढ्यावरच त्यांचे कार्य थांबते, तर त्यांचे नाव त्यांच्या शिष्यांपलीकडे फारसे कोणास ठाऊक झाले नसते.

परंतु त्या काळी अमेरिकेत विजेचा प्रसार झपाट्याने होत होता. गावोगाव खांब उभे राहिले, तारा ताणल्या गेल्या आणि त्या तारांवर काम करणारे मजूर विजेचा धक्का बसून मरू लागले. धडधाकट, तरुण, कसलाही रोग नसलेला मनुष्य तारेस हात लागताच खाली कोसळे आणि पुन्हा उठत नसे. अंगावर कित्येकदा मोठीशी जखमही दिसत नसे. मग तो मेला तरी कशाने? वीज पुरविणाऱ्या कंपन्यांस ह्या प्रश्नाचे उत्तर हवे होते. म्हणून १९२८ च्या सुमारास रॉकफेलर संस्थेच्या साहाय्याने ह्या विषयाचे संशोधन सुरू झाले आणि त्यात कौवेनहोवन यांस घेण्यात आले. त्यांच्या जोडीस शरीरशास्त्रज्ञ डोनाल्ड हुकर व मज्जातंतूंचे तज्ज्ञ ऑर्थेलो लँगवर्दी हे दोघे डॉक्टर होते. वैद्यांनी शरीर जाणावे, अभियंत्याने वीज जाणावी आणि दोघांनी मिळून मृत्यूचे कारण शोधावे, अशी ही योजना होती.

ते कारण समजण्यासाठी हृदयाची रचना थोडी ध्यानात घेतली पाहिजे. आपले हृदय म्हणजे स्नायूंची एक पोकळ थैली होय. तिच्या एका ठिकाणाहून विजेची अतिशय सौम्य लहर दर ठोक्यास निघते आणि सर्व स्नायूंस क्रमाक्रमाने आकुंचन पावण्याचा इशारा देते. सगळे स्नायू एका तालावर आवळले की रक्त पुढे ढकलले जाते. मोट ओढणारे बैल एका वेळी पुढे गेले तरच पाणी वर येते, त्यातलाच हा प्रकार आहे. बाहेरची वीज छातीतून गेली म्हणजे हा ताल बिघडतो. प्रत्येक स्नायुतंतू आपापल्या परीने थरथरू लागतो. हृदय हालत असते, पण रक्ताचा एक थेंबही पुढे सरकत नाही. मोठा प्रवाहच पाहिजे असेही नाही. एका अँपिअरच्या दहाव्या भागाइतका प्रवाहही ह्या कामास पुरतो. ह्या अवस्थेस आपण हृदयाचा कंप असे म्हणू. तारेवरचे मजूर पुष्कळदा ह्याच कंपाने मरत होते.

जिनिव्हा येथील प्रेव्हो व बातेली ह्या दोन शास्त्रज्ञांनी १८९९ साली एक विलक्षण गोष्ट पाहिली होती. ज्या विजेने कंप उत्पन्न होतो, तीच वीज अधिक जोराने व क्षणमात्र दिली असता कंप थांबतो. हुकर, कौवेनहोवन व लँगवर्दी यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून १९३३ साली ह्या गोष्टीची खात्री करून घेतली. बिथरलेल्या वर्गात गुरुजींनी टेबलावर एक जोराची थाप मारावी, सगळे एकदम स्तब्ध व्हावेत आणि मग पाठ पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावा, असा ह्या दुसऱ्या धक्क्याचा परिणाम असतो. हृदय क्षणभर पूर्ण थांबते आणि त्यानंतर आपल्या मूळ तालावर पुन्हा चालू होण्याची त्यास संधी मिळते.

मनुष्यावर हा उपाय प्रथम यशस्वी केला तो क्लीव्हलंड शहरातील शस्त्रवैद्य क्लॉड बेक यांनी, १९४७ साली. चौदा वर्षांच्या एका मुलाचे हृदय शस्त्रक्रियेच्या अखेरीस बंद पडले. बेक यांनी त्याची छाती पुन्हा उघडली, हृदय मुठीत धरून ते बराच वेळ हाताने दाबीत राहिले, आणि मग विजेचा धक्का देऊन त्याचा कंप थांबविला. मुलगा जगला व त्याची बुद्धीही शाबूत राहिली. येथे एक गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. धक्क्याने हृदय सुरू झाले खरे. परंतु त्या अवधीत मुलाचा मेंदू जिवंत राहिला तो बेक यांच्या हाताने पुढे ढकललेल्या रक्तामुळे. ते रक्त मिळाले नसते, तर हृदय सुरू होऊनही त्याचा उपयोग झाला नसता.

मेंदूची ही गोष्ट नीट समजून घेणे अगत्याचे आहे. मनुष्याच्या वजनाच्या मानाने मेंदू फार लहान, शंभरात सुमारे दोन भाग. पण शरीर जितका प्राणवायू वापरते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. शिवाय तो संचय करून ठेवीत नाही. शेतकऱ्याच्या घरी कणगीत धान्य असते. एखादा पाऊस चुकला तरी काही महिने निभावतात. मेंदूच्या घरी कणगीच नाही. त्याचे रोजचे आणणे आणि रोजचे खाणे. म्हणून रक्त थांबले की दहा-पंधरा सेकंदांत मनुष्य बेशुद्ध होतो आणि चार-पाच मिनिटांनंतर मेंदूच्या पेशींस इजा पोहोचू लागते. हातपाय, त्वचा, इतर कित्येक अवयव ह्याहून पुष्कळ अधिक वेळ तग धरतात. हृदयदेखील उशिरा का होईना, पुन्हा चालू होऊ शकते. मेंदू मात्र एकदा गेला की तो कोणाच्याही हातचा राहत नाही. तेव्हा हृदय बंद पडलेल्या मनुष्यास वाचविणे म्हणजे मुख्यतः त्याच्या मेंदूस वाचविणे होय.

छाती उघडून हृदय दाबणे हा उपाय इस्पितळात, शस्त्रक्रियेच्या मेजावर ठीक होता. रस्त्यात, शेतात, खांबाखाली पडलेल्या मजुराची छाती कोण उघडणार? १९५० नंतर कौवेनहोवन यांनी छाती न उघडता बाहेरूनच धक्का देता येईल असे यंत्र तयार करण्याचे मनावर घेतले. १९५४ साली ते नोकरीतून निवृत्त झाले. त्या वेळी त्यांचे वय अडुसष्ट होते. बहुतेक लोक ह्या वयात विश्रांती घेतात. कौवेनहोवन यांनी मात्र अभियांत्रिकीच्या इमारतीतून निघून वैद्यकाच्या इमारतीत आपले बिऱ्हाड थाटले. निळसर पडलेल्या बालकांच्या हृदयावरील शस्त्रक्रियेमुळे प्रसिद्ध झालेले अल्फ्रेड ब्लेलॉक हे त्या वेळी हॉपकिन्स येथे शस्त्रवैद्यकाचे प्रमुख होते. त्यांनी ह्या वृद्ध अभियंत्यास आपल्या विभागात प्रयोगासाठी जागा दिली. १९५७ साली छातीवरून धक्का देणारे यंत्र तयार होऊन ते रुग्णावर वापरण्यातही आले. बॉस्टन येथील पॉल झोल यांनीही त्याच सुमारास, स्वतंत्रपणे, असेच यश मिळविले होते. कौवेनहोवन यांचे हे पहिले यंत्र इतके जड होते की, ते चाकांच्या गाड्यावर ठेवून ढकलीत न्यावे लागे.

यंत्र झाले, पण अडचण संपली नाही. यंत्र एका दालनात आणि रोगी दुसऱ्या दालनात, एवढेसे अंतर पडले तरी मधली मिनिटे हातची जात. धक्का देईपर्यंत मेंदूस रक्त कसे पोहोचवावे, हा प्रश्न तसाच उभा होता. त्याचे उत्तर मिळाले ते मात्र शोधावयास न जाता.

कौवेनहोवन यांच्या हाताखाली गाय निकरबॉकर नावाचा एक तरुण विद्यार्थी होता. तोही अभियांत्रिकीचाच. १९५८ साली एके दिवशी तो कुत्र्यावर प्रयोग करीत असता त्याच्या रक्ताचा दाब मोजण्याचे उपकरण जोडलेले होते. कुत्र्याचे हृदय कंप पावत होते, म्हणजे रक्ताचा दाब जवळजवळ नाहीसा झाला होता. निकरबॉकरने धक्का देण्यासाठी धातूच्या जड चकत्या छातीवर दाबून धरल्या. वीज अद्याप सोडली नव्हती. तरीही दाब दाखविणारी रेषा किंचित वर उचलली गेली. हा एवढासा फरक दुसऱ्या कोणी पाहिला असता तर उपकरणाची चूक म्हणून सोडून दिला असता. निकरबॉकरने तो सोडला नाही. चकत्यांच्या दाबाने छाती खाली गेली, तिच्याबरोबर आतील रक्त पुढे सरकले, असे तर नव्हे? त्याने पुन्हा दाबून पाहिले; रेषा पुन्हा वर गेली.

ही गोष्ट त्याने आपल्या गुरूंस व जेम्स ज्यूड ह्या तरुण शस्त्रवैद्यास दाखविली. तिचे महत्त्व ज्यूड यांनी ताबडतोब ओळखले. मग तिघेही कामास लागले. छातीच्या कोणत्या भागावर दाबावे, किती जोराने दाबावे, मिनिटास किती वेळा दाबावे, हे सर्व त्यांनी एकामागून एक प्रयोग करून ठरविले. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा टाचेकडील भाग ठेवून, त्यावर दुसरा हात ठेवून, तालावर दाबावे, असा निर्णय झाला. अशा दाबण्याने निरोगी हृदयाइतके रक्त फिरत नाही; सुमारे चतुर्थांश ते तृतीयांश इतकेच फिरते. पण तेवढे रक्त मेंदूचा तगादा काही काळ भागवू शकते.

ह्या प्रयोगांत पुष्कळ मुक्या प्राण्यांचे जीव खर्ची पडले, हेही आम्ही लपवून ठेवीत नाही. आज लाखो कुटुंबांत जी माणसे परत आली, त्यांच्यावर त्या प्राण्यांचेही ऋण आहे.

१९५९ साली ह्या उपायाची कसोटी मनुष्यावर लागली. भुलीच्या औषधाने एका स्त्रीचे हृदय बंद पडले. नाडी नाही, रक्ताचा दाब नाही. तोवरच्या रिवाजाप्रमाणे तिची छाती उघडावयास हवी होती. ज्यूड यांनी चाकू न घेता आपले दोन हात तिच्या छातीवर ठेवले व दाबण्यास आरंभ केला. थोड्याच वेळात नाडी परत आली आणि ती स्त्री जगली. ९ जुलै १९६० रोजी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात कौवेनहोवन, ज्यूड व निकरबॉकर ह्या तिघांच्या नावाने लेख प्रसिद्ध झाला. त्यात वीस रुग्णांची हकीकत होती. त्यांपैकी चौदा वाचले होते. लेखाचे तात्पर्य असे होते की, हा उपाय करण्यास हत्यार लागत नाही, औषध लागत नाही, इस्पितळही लागत नाही. कोणीही, कोठेही, केवळ दोन हातांनी तो करू शकतो. त्या वेळी कौवेनहोवन यांचे वय चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

इतिहासाचे एक मौजेचे पण बोधप्रद प्रकरण येथे सांगितले पाहिजे. छाती बाहेरून दाबून रोग्यास वाचविण्याचा प्रकार जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे फ्रीड्रिख मास नावाच्या डॉक्टरने केला होता व १८९२ साली तो छापूनही आला होता. परंतु तो लेख कपाटात पडून राहिला आणि जग त्यास विसरले. त्यानंतर साठांहून अधिक वर्षे गेली. ज्ञान एकदा मिळाले म्हणजे ते कायमचे मिळाले, असे समजू नये. ते शिकविले पाहिजे, पसरविले पाहिजे, नाहीतर एखाद्या पिढीत ते हरवते. कौवेनहोवन यांचे मोठेपण केवळ शोधात नाही; तो शोध सर्वांच्या हाती पोहोचावा म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या खटपटीतही ते आहे.

श्वासोच्छ्वासाचा प्रश्नही ह्याच काळात सुटत होता. बुडालेल्या माणसाच्या तोंडात तोंडाने हवा फुंकावी, अशी शिफारस पॅरिस येथील विद्वत्सभेने १७४० साली केली होती. पुढे ती मागे पडली व पाठीवर दाब देणे, हात वर-खाली करणे असे निरनिराळे प्रकार प्रचारात आले. बाल्टिमोर येथेच काम करणारे पीटर सफार ह्या मूळच्या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी १९५८ च्या सुमारास असे सिद्ध केले की, डोके मागे कलवून श्वासमार्ग मोकळा करणे व तोंडाने हवा देणे हाच अधिक चांगला उपाय होय. सप्टेंबर १९६० मध्ये मेरीलँड प्रांतातील वैद्यांच्या एका सभेत छाती दाबणे व श्वास देणे ह्या दोन उपायांची सांगड घालण्यात आली. आज जगभर सी.पी.आर. ह्या तीन अक्षरांनी ओळखली जाते ती हीच जोडी.

ह्याच सफार यांच्या जीवनातील एक दुःखद प्रसंग ह्या विषयाचे मर्म सांगतो. १९६६ साली त्यांच्या लहान कन्येस दम्याचा तीव्र झटका आला. तिचे हृदय पुन्हा चालू झाले. परंतु मेंदूस फार वेळ प्राणवायू मिळाला नव्हता, आणि ती बालिका शुद्धीवर न येताच गेली. जगास श्वास देण्यास शिकविणाऱ्या पित्याच्या घरी हा घाला पडला. त्यानंतर सफार यांनी उरलेले आयुष्य हृदयाबरोबर मेंदू कसा वाचवावा ह्याच विचारास वाहिले. आज अशा रोग्याचे हृदय परत चालू झाल्यावरही डॉक्टर निश्चिंत होत नाहीत. मेंदूस पुरेसा दाब व प्राणवायू मिळावा, अंगात ताप चढू नये, झटके येऊ नयेत, ह्यासाठी पुढे कित्येक दिवस अतिदक्षता विभागात झगडावे लागते. तथापि ह्या सर्व उपचारांचा पाया पहिल्या पाच मिनिटांत घातला जातो, आणि त्या वेळी रोग्याजवळ बहुधा डॉक्टर नसतो. घरचा कोणीतरी, शेजारी, किंवा शाळासोबती असतो.

कौवेनहोवन यांस त्यांच्या हयातीतच मोठा मान मिळाला. १९६१ साली विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने त्यांस एडिसन पदक दिले. १९६९ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांस वैद्यकाची सन्माननीय पदवी अर्पण केली. असा मान त्या विद्यालयाने त्यापूर्वी कोणासही दिला नव्हता. वैद्यकाची एकही परीक्षा न दिलेला अभियंता अशा रीतीने वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी डॉक्टर झाला. १९७३ साली त्यांस वैद्यकक्षेत्रातील प्रसिद्ध लास्कर पारितोषिक मिळाले. १० नोव्हेंबर १९७५ रोजी एकोणनव्वद वर्षांच्या वयात त्यांचे देहावसान झाले.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. पूर्वी अहमदनगर ह्या नावाने ओळखला जाणारा आमचा अहिल्यानगर जिल्हा विस्ताराने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. अकोल्याच्या डोंगरातील वाड्या, पारनेर-पाथर्डीची माळराने, जामखेड-कर्जतकडील विखुरलेल्या वस्त्या, ह्यांपैकी कित्येक ठिकाणांहून मोठे इस्पितळ दूर आहे. विहिरी आणि शेततळी गावोगाव आहेत. विहिरीवर विजेची मोटार आहे; रात्रीच्या वेळी, चिखलात, अनवाणी पायांनी ती चालू करणारा शेतकरी आहे. म्हणजे ज्या प्रश्नाने कौवेनहोवन यांच्या संशोधनास आरंभ झाला, तो प्रश्न आमच्या बांधावर आजही उभा आहे. विजेचा धक्का बसलेल्यास मातीत पुरणे, बुडालेल्यास उलटे टांगणे, बेशुद्ध पडलेल्यास कांदा हुंगविणे, असे प्रकार अजूनही काही ठिकाणी ऐकू येतात. ह्या उपायांनी मेंदूस रक्ताचा एक थेंबही मिळत नाही. अमोल मिनिटे मात्र निघून जातात.

सामान्य माणसाचे हात वैद्यकाचे काम करू शकतात, ह्याचा दाखला आमच्या जिल्ह्यातच आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने जॉन्स हॉपकिन्स येथे, म्हणजे कौवेनहोवन यांच्याच विद्यापीठात, सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० साली जामखेड येथे ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. त्यांनी खेड्यातील स्त्रियांस, ज्यांतील कित्येकींस अक्षरओळखही नव्हती, आरोग्यसेविकेचे काम शिकविले. त्या स्त्रियांनी आपापल्या गावांत बाळंतपणे सुखरूप केली व बालके वाचविली. १९७९ साली ह्या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. ज्ञान मोठ्या इमारतीत कोंडून न ठेवता गावच्या हाती द्यावे, हे तत्त्व बाल्टिमोर व जामखेड ह्या दोन्ही ठिकाणी एकच होते.

आमच्या वाचकांनी ह्या चरित्रातून प्रत्यक्ष काय घ्यावे, तेही थोडक्यात सांगतो. कोणी एकाएकी कोसळला, हाका मारून व खांदे हालवूनही उत्तर देईना, श्वास चालत नसेल किंवा मधूनमधून नुसती घरघर येत असेल, तर हृदय थांबले असे समजावे. ती घरघर म्हणजे श्वास नव्हे. वीज लागली असल्यास प्रथम मुख्य स्विच बंद करावा. तोवर त्या माणसास हात लावू नये, नाहीतर एकाच्या जागी दोन जीव जातात. एकाने १०८ ह्या क्रमांकावर खबर द्यावी. ही रुग्णवाहिकेची सेवा महाराष्ट्रात २०१४ सालापासून आहे. दुसऱ्याने रोग्यास सपाट, टणक जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मध्यभागी दाबण्यास आरंभ करावा. मोठ्या माणसाची छाती प्रत्येक वेळी निदान पाच सेंटिमीटर खाली जावी, सहांहून अधिक जाऊ नये. दाबल्यावर ती पूर्ण वर येऊ द्यावी. वेग मिनिटास शंभर ते एकशेवीस असावा. शिकलेल्या माणसाने तीस वेळा दाबून दोन श्वास द्यावेत. न शिकलेल्याने नुसते दाबीत राहिले तरी चालते. बुडालेल्यास मात्र श्वास देणे फार महत्त्वाचे असते. दाबणारा लवकर दमतो, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, परंतु खंड पडू देऊ नये. बालकांसाठी दाब व हात ठेवण्याची रीत निराळी आहे. अर्थात नुसत्या वाचनाने हे येत नाही. पोहणे जसे पाण्यातच शिकावे लागते, तसे हे काम शिकविणाऱ्याकडून, पुतळ्यावर हात ठेवूनच शिकले पाहिजे. शाळांतून व गावांतून असे वर्ग भरतील तेथे पालकांनीही मुलांबरोबर बसावे, अशी आमची विनंती आहे.

येथे एक इशाराही दिला पाहिजे. हा उपाय म्हणजे संजीवनी नव्हे. इस्पितळाबाहेर ज्यांचे हृदय थांबते, त्यांतील बहुसंख्य लोक सर्व प्रयत्न करूनही वाचत नाहीत. काही फार म्हातारे असतात, काहींचा रोग हाताबाहेर गेलेला असतो, काहींजवळ मदत उशिरा पोहोचते. ज्याने आपल्या आप्ताची छाती दाबली व तरीही तो गेला, त्याने स्वतःस दोष देऊ नये. त्याने त्या जीवास एक संधी दिली. हात बांधून उभे राहण्यात तीही नव्हती. आणि कोणी कचरत असेल की आपल्या हातून बरगडी मोडेल, तर त्याने एवढेच ध्यानात ठेवावे की, बरगडी सांधते. रक्तावाचून गेलेला मेंदू सांधत नाही.

विद्यार्थी मित्रहो, कौवेनहोवन यांच्या चरित्रापासून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. आपला विषय चांगला जाणणारा मनुष्य दुसऱ्याच्या विषयातही नम्रपणाने प्रवेश करील, तर तेथेही मोठे कार्य करू शकतो. विज्ञान, गणित, वैद्यक अशी जी कुंपणे शाळेच्या वेळापत्रकात दिसतात, ती जीवनात तशी नसतात. दुसरी गोष्ट ही की, लहानशा फरकाकडे दुर्लक्ष करू नये. एका विद्यार्थ्याने किंचित उचललेली एक रेषा पाहिली आणि ती खोटी म्हणून सोडली नाही. त्याच्या वृद्ध गुरूंनीही, हा कालचा पोर आपणास काय सांगणार, असे म्हटले नाही. असे शिष्य आणि असे गुरू जेथे एकत्र येतात, तेथे विद्या वाढते. तिसरी गोष्ट वयाची. निवृत्तीनंतरच्या वीस वर्षांत ह्या पुरुषाने जे केले, ते त्यापूर्वीच्या चाळीस वर्षांतील कामाहूनही जगास अधिक उपयोगी पडले. आमच्या वाचकांतील आजोबा-आजींनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी.

विजेने मरणारी माणसे पाहून एका विजेच्या जाणकारास वाईट वाटले, आणि त्याने तीस वर्षे त्या विचाराचा पिच्छा सोडला नाही. त्याचे फळ म्हणून आज पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलासही, आपल्या दोन हातांनी, थांबलेल्या हृदयाच्या मनुष्याचा मेंदू काही मिनिटे राखून धरता येतो. आमच्या शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याने ही विद्या हस्तगत करावी व घरी जाऊन ती इतरांसही शिकवावी. ज्या वाडीत अशी चार माणसे तयार असतील, तेथे रुग्णवाहिका येईपर्यंतचा वेळ वाया जाणार नाही.